चुन्याचा जमाखर्च

१७३९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने एक चमत्कारिक कायदा मंजूर केला. जोआना स्टीव्हन्स नावाच्या एका बाईपाशी मूतखडा विरघळविणारे हुकमी औषध आहे, अशी त्या सुमारास लंडनभर बोलवा होती. तेव्हा त्या औषधाची कृती तिने सर्व लोकांच्या माहितीसाठी जाहीर करावी आणि त्याबद्दल तिला ५,००० पौंडांचे इनाम सरकारी खजिन्यातून मिळावे, अशी तजवीज त्या कायद्याने करण्यात आली. कृती छापून आली तेव्हा तिच्यात भाजून पूड केलेली अंड्यांची टरफले, भाजलेल्या गोगलगाई, साबण, मध आणि काही रानटी पालाबिया असा ऐवज निघाला. एवढ्या रकमेला हा सौदा महागच पडला, असे कोणीही म्हणेल. परंतु त्या यादीतील साबण आणि पाला बाजूस ठेवून अंड्याचे टरफल व गोगलगाईचा शंख या दोनच जिनसांकडे पाहिले, तर ध्यानात येते की, प्रखर अग्नीत भाजल्यावर त्या दोहोंचीही अखेर एकाच पदार्थात होते, आणि तो पदार्थ म्हणजे आपल्या पानाच्या डब्यातील चुन्याचे मूळ, कळीचा चुना. डॉक्टरमंडळींना हे उमगण्यास फारसा वेळ लागला नाही, आणि पुढे कित्येक वर्षे मूतखड्याच्या रोग्यांस चुन्याची निवळी पाजण्याची टूम ब्रिटनमध्ये चालू राहिली.

या टुमेतून एक वाद निघाला. निवळी कोणत्या चुन्याची अधिक गुणकारी, कालवांच्या शिंपल्यांच्या की खाणीतल्या दगडाच्या, या प्रश्नावर एडिंबरो विद्यापीठातील रॉबर्ट व्हाइट आणि चार्ल्स ऑल्स्टन या दोन प्राध्यापकांचे उघड वैमत्य झाले. त्याच विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचा, फ्रान्समधील बोर्दो येथे १७२८ साली जन्मलेला एक विद्यार्थी, वैद्यकाच्या पदवीच्या प्रबंधासाठी विषय शोधत होता. त्याचे मन चुन्याकडेच ओढ घेत होते. पण गुरुजनांच्या भांडणात पडून त्यांपैकी एकाची गैरमर्जी ओढवून घेणे हे परीक्षार्थ्यास परवडण्यासारखे नसते, हे व्यवहारज्ञान त्याच्या अंगी असल्यामुळे त्याने चुन्याशी गुणांनी मिळतीजुळती असलेली ‘मॅग्नेशिया आल्बा’ ही पांढरी भुकटी पसंत केली, १७५४ मध्ये प्रबंध सादर करून पदवी पदरात पाडून घेतली, आणि मगच, १७५६ साली, चुन्यावरील प्रयोगांसह आपला विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. रसायनशास्त्राला तराजूची शिस्त ज्या मोजक्या लेखनांनी लावली, त्यांत या निबंधाची गणना होते. द्रव्य म्हणजे काय, त्याचे गुणधर्म कशावरून ठरतात आणि ते बदलले असे केव्हा म्हणावे, या प्राथमिक प्रश्नांची शहानिशा करावयाची असेल तर चुन्याइतका सोयीचा साक्षीदार मला दुसरा दिसत नाही; कारण तो आपल्या घरात, भिंतीत आणि विड्यात आहे, आणि त्याचे रूपांतर एकदा नव्हे, तर लागोपाठ तीनदा होते.

आपल्याकडे चुन्याचा कच्चा माल प्रदेशाप्रमाणे निराळा असे. सह्याद्री आणि देशावरचे पठार काळ्या कातळाचे, त्यात चुनखडीचा दगड जवळजवळ नाही. म्हणून देशावर काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे ओबडधोबड खडे वेचून भाजीत, कोकणात समुद्र आयते शिंपले आणून टाकी, आणि विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व यवतमाळ या बाजूस, चुनखडकाचे खरेखुरे थर असल्यामुळे आज तेथे सिमेंटचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. मुंबईतील चुनाभट्टी हे ठिकाणही तेथील जुन्या भट्ट्यांचीच आठवण जपून आहे. खडा असो, शिंपला असो वा संगमरवर असो, भट्टीत जळणाचे व मालाचे थर एकावर एक रचून विस्तव घातला आणि उष्णता सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढली, म्हणजे जे बाहेर पडते ते सर्वत्र एकच असते. यातील नवल असे की, भट्टीतून निघालेला खडा दिसावयास बहुतेक पूर्वीसारखाच असतो; आकार जवळपास तोच, रंग पांढरा, फार तर जरा भुसभुशीत. मात्र तो हातात घेताच हलका लागतो. आणि त्याच्यावर पाणी शिंपडले तर सुसकारे टाकीत तो फुटतो, फुगतो, वाफा सोडतो, आणि अखेर त्याची मऊ पांढरी भुकटी होते. भट्टीत जाण्यापूर्वी जो दगड जिभेवर ठेवला असता निव्वळ मातकट लागला असता, तोच आता जीभ भाजतो.

हा दाहकपणा आला कोठून? ब्लॅकच्या पूर्वीच्या विद्वानांचे उत्तर ऐकावयास मोठे सयुक्तिक होते. दगड अग्नीत राहिला, अग्नीचे काही सूक्ष्म तत्त्व त्याच्या अंगात मुरले, आणि पाणी पडताच तेच तत्त्व उष्णतेच्या रूपाने बाहेर येते. मागे उरलेल्या अंशामुळे जीभ भाजते. जे डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते, त्याच्याशी हे स्पष्टीकरण तंतोतंत जुळत होते. फक्त ते वजनाशी जुळत नव्हते. अग्नीचे तत्त्व दगडात आले असेल, तर दगड जड व्हावयास हवा, निदान हलका तरी होऊ नये. ब्लॅकने १२० ग्रेन खडू भट्टीत पुरता भाजला, तेव्हा त्याचा कळीचा चुना भरला ६८ ग्रेन. ५२ ग्रेन कोठे गेले, याचा शोध घेता त्याच्या ध्यानात आले की, खडूवर आम्ल ओतल्यावर जो वायू फसफसत निघून जातो, तोच वायू भट्टीतही निघून गेलेला आहे. त्या वायूला त्याने बद्धवायू असे म्हटले, कारण तो दगडात जखडलेला होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. यापुढची पायरी खरी कौशल्याची आहे. त्या ६८ ग्रेन चुन्याची पूड करून त्याने ती जवखाराच्या, म्हणजे लाकडाच्या राखेतून निघणाऱ्या खाराच्या द्रावणात टाकली. जवखारातील बद्धवायू चुन्याने ओढून घेतला, आणि खाली बसलेली पांढरी पूड धुऊन वाळवून तोलली असता ती ११८ ग्रेन भरली व सर्व बाबतींत मूळच्या खडूसारखी निघाली. १२० दिले, ११८ परत आले. दोन ग्रेनांची तूट धुण्यापुसण्यात गेली, असे मानण्यास कोणाची हरकत नसावी. चुना दाहक झाला तो त्याला काही मिळाल्यामुळे नव्हे, तर त्याच्यापाशी होते ते गेल्यामुळे, हा निकाल तराजूने दिला, आणि अग्नितत्त्वाचा दावा खर्चासह नामंजूर झाला.

हा हिशेब शुद्ध मालावर, आजच्या अचूक आकड्यांनी मांडला तर तो वहीत लिहून ठेवण्याजोगा आहे. १०० मण शुद्ध चुनखडी भाजली, तर ५६ मण कळीचा चुना मिळतो आणि ४४ मण कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. त्या ५६ मणांना विरण्यासाठी १८ मण पाणी लागते, आणि विरी गेलेला चुना भरतो ७४ मण. हे १८ मण पाणी त्यात ओलाव्याच्या रूपाने राहत नाही, भुकटी हाताला कोरडी लागते, कारण पाणी आता पाणी म्हणून उरलेलेच नसते. पुढे हा चुना भिंतीला लागला, म्हणजे तो हवेतून ४४ मण कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो, १८ मण पाणी परत सोडतो, आणि भिंतीवर पुन्हा १०० मण चुनखडी तयार होते. कारकुनाने कितीही डोळ्यांत तेल घालून वही तपासली, तरी या व्यवहारात एक छटाकही गहाळ झालेले त्यास सापडणार नाही.

वजनाच्या या जमाखर्चाला शास्त्राचा दर्जा देण्याचे श्रेय अँटवान लॅव्हॉयझियर या फ्रेंच गृहस्थाकडे जाते, आणि यात एक गमतीचा योग आहे. लॅव्हॉयझियर हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ नव्हता; फ्रान्सच्या राजाची करवसुली ज्या मक्तेदारांच्या कंपनीकडे होती, तिचा तो भागीदार होता, आणि जमा व खर्च यांची बाकी शून्य आलीच पाहिजे हा आग्रह त्याने कचेरीतून प्रयोगशाळेत आणला, असे म्हटल्यास ते सर्वस्वी अन्यायाचे होणार नाही. त्याच मक्तेदारीपायी क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला. तत्पूर्वी पाच वर्षे, १७८९ मध्ये, प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने असा दंडक घालून दिला की, जो पदार्थ आजवरच्या कोणत्याही उपायाने अधिक साध्या पदार्थांत फोडता आलेला नाही, त्यास मूलद्रव्य म्हणावे. आणि या व्याख्येस उतरणारे ३३ पदार्थ त्याने यादीत नोंदविले. त्या यादीत चुना आहे. लॅव्हॉयझियरला मात्र त्याची खात्री नव्हती. चुना, मॅग्नेशिया यांसारख्या ‘माती’ या वस्तुतः धातू व प्राणवायू यांची संयुगे असाव्यात आणि एखाद्या दिवशी त्यांची नावे या यादीतून काढावी लागतील, असा अंदाज त्याने तेथेच लिहून ठेवला होता. व्याख्या करताना तिच्याच पोटात तिच्या दुरुस्तीची सोय ठेवणारी माणसे विरळा. व्याख्या हाती आली की तिची मूर्ती करून पूजा करावी, हाच सर्वसाधारण रिवाज.

दुरुस्ती झाली ती १८०८ साली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने ओलसर चुन्यातून पाऱ्याच्या साह्याने विजेचा प्रवाह नेला, पाऱ्यात मिसळून आलेला धातू पारा उडवून वेगळा केला, आणि त्यास कॅल्शियम हे नाव दिले. चांदीसारखा चमकणारा हा धातू पाण्यात टाकल्यावर त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे काढतो, आणि उघड्यावर ठेवला तर हवेतच त्याची चकाकी जाते, म्हणून तो तेलात बुडवून ठेवावा लागतो. आता चुनखडीचे अंतिम घटक मोजावे: हा उतावळा धातू कॅल्शियम, कोळशाचे सत्त्व जो कार्बन, काळाकुट्ट आणि आगीत टाकल्यास जळून जाणारा, आणि प्राणवायू, ज्यावाचून कोणतीही आग धगधगत नाही. या तिघांपैकी एकाचाही स्वभाव त्या शांत, पांढऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या आणि न जळणाऱ्या दगडात दिसत नाही. संयुग आणि मिश्रण यांतील भेद येथे हाताला लागतो. चुना आणि वाळू कालवून गारा केला, तर त्यातली वाळू वाळूच राहते, चुना चुनाच राहतो, गवंडी आपल्या मर्जीप्रमाणे वाळू दुप्पट घालो की तिप्पट. ते मिश्रण होय. चुनखडीत मात्र कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि प्राणवायू ४८ हे वजनी प्रमाण सृष्टीने मुकर्रर केले आहे, आणि त्यात गवंड्याची किंवा रसायनशास्त्रज्ञाची मर्जी चालत नाही. कालवाचा शिंपला असो, मकराण्याचा संगमरवर असो की ब्लॅकच्या तराजूत बसलेला खडू, अंगची इतर घाण काढून टाकली म्हणजे आतील प्रमाण हेच. जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या संयुगाचा दाखला घेऊन हा नियम मांडला: खाणीत सापडलेले तांब्याचे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत बनविलेले कार्बोनेट, दोहोंतील घटकांचे प्रमाण एकच. एडिंबरोच्या दोन प्राध्यापकांच्या भांडणाचा त्यामुळे परस्पर निकाल लागला. शिंपल्याचा चुना आणि दगडाचा चुना यांत जर काही फरक असेल, तर तो चुन्याचा नसून त्यात शिरलेल्या परक्या पदार्थांचा.

आणि परके पदार्थ क्षुल्लक असतात असे समजण्याचे कारण नाही. ब्लॅकचा निबंध ज्या वर्षी बाहेर पडला, त्याच १७५६ मध्ये जॉन स्मीटन हा इंजिनिअर समुद्रातील एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधण्याच्या तयारीला लागला होता, आणि साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही ही त्याची अडचण होती. निरनिराळ्या गावांचे चुनखडक आम्लात विरघळवून पाहता त्यास असे आढळले की, ज्या दगडाच्या मागे चिकणमातीचा गाळ उरतो, त्याच दगडाचा चुना पाण्यात धरतो. भट्टीच्या उष्णतेने चुना त्या मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी संयोग पावतो, आणि हे नवे संयुग घट्ट होण्यासाठी हवेची वाट पाहत बसत नाही, पाण्यालाच धरून कठीण होते. देशावरच्या मातीमिश्रित चुनखडीच्या खड्यांचा चुना याच जातीचा, म्हणूनच धरणे, पूल आणि विहिरी बांधताना जुन्या कारागिरांचा त्याच्यावर भरवसा असे. त्यांनी सिलिकेचे नाव ऐकले नव्हते, पण कोणत्या ओढ्याचा खडा घ्यावा हे त्यांस ठाऊक होते. पुढे १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने ज्या सिमेंटची सनद घेतली, त्याचे मूळही चुना व माती एकत्र भाजण्यातच आहे.

शुद्ध चुन्याचे घट्ट होणे सावकाशीचे असते. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. तेवढ्या तुटपुंज्या पुरवठ्यावर भिंतीने आपला ४४ टक्क्यांचा वाटा गोळा करावयाचा, तोही पृष्ठभागापासून आत आत. चुन्याच्या जाड भिंतीत पोटाशी असलेल्या चुन्याचा काही अंश शतके उलटली तरी विरलेल्या चुन्याच्याच अवस्थेत राहतो, असे आढळते. किल्ल्यांवर दगडी गोल चर आणि त्यात फिरणारे अजस्र चाक असा चुन्याचा घाणा आपण पाहतो. बैल जुंपून त्यात चुना, वाळू, प्रसंगी गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा असे सर्व रगडीत, ते गारा एकजीव व्हावा म्हणून. घाण्यात जे होते ते केवळ दळण आणि मिसळण. तेथे कोणतेही नवे द्रव्य जन्मास येत नाही. ते जन्मते गवंडी घरी गेल्यावर. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा दाखवितात, तो चुन्यात उमटलेला आहे: ओल्या चुन्याने आकार घेतला, ही भौतिक बाब, तो आकार टिकला, कारण पुढे त्या चुन्याचा दगड झाला, ही रासायनिक.

शाळेच्या पुस्तकांत या दोन प्रकारच्या बदलांचा भेद मोठ्या ठामपणे शिकविला जातो: भौतिक बदल उलटविता येतो, रासायनिक बदल उलटविता येत नाही. मला ही व्याख्या कधीच पटलेली नाही, आणि चुना तर तिला उघड उघड खोटी पाडतो. चुनखडीचा चुना होतो आणि चुन्याची पुन्हा चुनखडी होते, तिन्ही टप्पे अस्सल रासायनिक, आणि तरीही फेरा पूर्ण होतो. उलट, संगमरवराची मूर्ती घणाने फोडली, तर तो बदल निखालस भौतिक. तुकडा न् तुकडा संगमरवरच राहतो, पण मूर्ती काही परत येत नाही. म्हणून उलटणे न उलटणे ही कसोटी निरुपयोगी मानून, द्रव्य तेच राहिले की दुसरे झाले, एवढेच विचारावे. ते ओळखावयाचे कसे? घटकांच्या प्रमाणावरून आणि गुणधर्मांच्या समुच्चयावरून. एकट्या रंगावरून, एकट्या उष्णतेवरून किंवा एकट्या आकारावरून नव्हे.

याचे दोन दाखले चुन्याच्याच घरचे देता येतात. कळीच्या चुन्याचा खडा हायड्रोजन व प्राणवायू यांच्या जळत्या झोतात धरला, तर तो डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश देऊ लागतो. टॉमस ड्रमंड या लष्करी अधिकाऱ्याने आयर्लंडच्या मोजणीसाठी १८२५ च्या सुमारास हा दिवा वापरला, तेव्हा तो ६० मैलांहून अधिक अंतरावरून दिसला, आणि पुढे विजेचे दिवे येईपर्यंत विलायतेतील नाटकगृहांचे रंगमंच याच चुन्याने उजळले. एवढा प्रखर देखावा करून खडा थंड झाला की तो पूर्वीचाच चुना असतो. त्यात काहीच घडलेले नसते, फक्त तो अतिशय तापलेला होता. आता दुसरा दाखला: हळदीच्या पुडीत ओलसर चुन्याचा कणभर अंश मिसळावा. ना आग, ना आवाज, ना वाफ. पण पिवळी हळद तत्काळ लाल होते, आणि सोलापूर जिल्ह्यातील केम गावच्या ज्या कुंकवाची ख्याती आहे, त्या पारंपरिक कुंकवाचा आधार हळदीचा हाच गुण. चुना अल्कधर्मी असल्यामुळे हळदीतील रंजकद्रव्याची रचना पालटते; लिंबू पिळावे, तर रंग पुन्हा पिवळ्याकडे वळतो. पहिल्या प्रकारात गाजावाजा मोठा आणि बदल भौतिक. दुसऱ्यात गाजावाजा नाही आणि बदल रासायनिक.

उष्णतेचा हिशेब वजनाच्या हिशेबाहून निराळा ठेवावा लागतो, हेही ब्लॅकनेच दाखविले, आणि या वेळी त्याचा साक्षीदार बर्फ होता. ग्लासगो येथे १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याने दोन सारख्या काचपात्रांत समान वजनाचे बर्फ व बर्फाइतके थंड पाणी घेऊन ती एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटवर आले. बर्फाला वितळून त्याच ४० अंशांपर्यंत येण्यास साडेदहा तास लागले. त्या दहा तासांत बर्फाकडे उष्णता सारखी येत होती, आणि तरीही बर्फाच्या पाण्यात थर्मामीटरचा पारा जवळजवळ हालला नाही. ती सर्व उष्णता घनाचा द्रव करण्यात खर्ची पडली. वजन तेच, घटक तेच, रेणू तेच. फक्त एकमेकांस जखडून बसलेले रेणू मोकळे होऊन एकमेकांवरून घसरू लागले. आजच्या मापाने एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात, आणि उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ग्रॅमला ५४० कॅलरी. चुना विरताना याच्या उलट उष्णता बाहेर येते, आणि ती थोडीथोडकी नव्हे: एक किलो शुद्ध कळीचा चुना विरताना जी उष्णता सुटते, ती सर्व धरून ठेवता आली तर तीन लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. कळीच्या चुन्याच्या गाड्या पावसात भिजू नयेत म्हणून जुन्या काळी जी सक्त ताकीद असे, ती माल नासण्यापुरती नव्हती. गवत आणि गोणपाट पेट घेण्याचा संभव खरा होता. ही उष्णता कोठून आली, तर भट्टीत जळण जाळून जी खर्च केली होती, तिचा एक हिस्सा चुन्याच्या अंगी शिल्लक होता. अग्नितत्त्ववाद्यांच्या म्हणण्यात तेवढा अंश सत्याचा होता, हे त्यांच्या पदरात घालणे न्यायाचे ठरेल; त्यांची चूक एवढीच की, उष्णतेच्या खात्यातली रक्कम त्यांनी द्रव्याच्या खात्यात जमा धरली.

राहिली निवळी. विरी गेलेला चुना पुष्कळशा पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, म्हणजे वरचे स्वच्छ पाणी ती चुन्याची निवळी. दर लिटरमागे तिच्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळलेला असतो, आणि साखरेच्या उलट, पाणी तापविले तर तो आणखी कमी विरघळतो. नळीने तिच्यात फुंकर घालावी: उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते, कारण न विरघळणारी चुनखडी तयार झाली. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात. चिकाटीने फुंकत राहिल्यास दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा स्वच्छ होते, कारण अधिक वायू मिळताच चुनखडीचे बायकार्बोनेट बनते, आणि ते पाण्यात विरघळते. जमिनीखाली हीच क्रिया अखंड चालू आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरते, चुनखडीचे खडे खाते, आणि देशावरच्या विहिरींत जड पाणी म्हणून उतरते, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. असे पाणी उकळले म्हणजे वायू निघून जातो, आणि बायकार्बोनेटाची पुन्हा चुनखडी होऊन ती भांड्याच्या अंगाला बसते. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात जो पांढरा, टणक थर चढतो आणि ज्याच्यामुळे जळण जास्त लागते, तो हाच. तो घासून निघत नाही, पण बंबात व्हिनेगर ओतून ठेवल्यास बुडबुडे सोडीत विरघळतो: कार्बन डायऑक्साइड वर जातो, आणि कॅल्शियम व्हिनेगरमधील आम्लाशी संयोग पावून कॅल्शियम ॲसिटेटाच्या रूपाने पाण्यात उतरते. हे ॲसिटेट आपण मोरीत ओतून देतो. कारखानदार मात्र एके काळी तेच कोरडे तापवून त्यातून ॲसिटोन काढीत असत, आणि त्या भांड्यात मागे काय उरे, तर पुन्हा चुनखडीच.